मुरायला ठेवलेलं बीड

विनायक गेल्याची बातमी मला धारला कळली. दादासाहेबांच्या ओसरीवर बसून मी त्यांना सांगत होतो, की चौमासा संपत आलाय, तुमच्या गाडीचा ब्लॉक आता लवकरच बसवू. तेवढ्यात देवासहून फोन आला... पहाटे झोपेतच गेला म्हणे. दादासाहेबांनी आतून पाणी मागवलं आणि स्वतः माझ्यापुढे धरलं.

आम्ही दोघं देवासच्या एकाच कारखान्यात नोकरीला आलो होतो. नव्वदच्या दशकात कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा विनायकने एक शेड भाड्याने घेतली आणि जुन्या मोटारींच्या इंजिनांचे ब्लॉक ओतायला लागला. ब्लॉक म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो बिडाचा, ओतीव लोखंडाचा मोठा ठोकळा. तो तडकला की गाडी संपली. परदेशातून मागवायचा तर राजेरजवाड्यांनाही जड जायचं. विनायक फुटक्या ब्लॉकवरून लाकडी साचा बनवायचा आणि परवडेल अशा किमतीत नवा द्यायचा. गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे होतं, आणि बोलणी खाणंही माझ्याकडेच. कारण ओतलेला ब्लॉक हा गृहस्थ लगेच कोरायला घ्यायचाच नाही. स्वतःच्या घराच्या अंगणात उन्हापावसात वर्षभर टाकून ठेवायचा.

"ताजं बीड आतून ताणलेलं असतं रे. आत्ता कोरलं तर पुढे वाकतं. मुरू दे."

"लोणचं आहे का ते?" मी चिडायचो. तो नुसता हसायचा.

दादासाहेबांचा ब्लॉक मांडूच्या घाटात तडकला. इंजिन तापलं, आणि ड्रायव्हरने घाईघाईत त्यात गार पाणी ओतलं. गाडी त्यांच्या वडिलांची. तिच्यातून एकदा मांडूला जाऊन यावं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं ते म्हणायचे. ऐंशी ओलांडलेला माणूस. यांच्यापुरता तरी नियम मोड, म्हणून मी विनायकच्या मागे लागलो. तो उठून धारला गेला आणि हात जोडून म्हणाला, "दादासाहेब, एवढा एक चौमासा थांबा." ते थांबले. थांबला नाही तो विनायक. मला याचा फार राग येतो... कोणाचा, ते कळत नाही.

तेरावा झाल्यावर लेथवर ब्लॉक कोरणारा आमचा खरादी रमेश विनायकच्या घरी आला, ठोकळ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "भिया, यो तो तैयार हुई ग्यो. ले चलां?" विनायकच्या हातचा तो शेवटचा. विनायकची बायको, आमच्या वहिनी, दारात उभ्या होत्या. जन्मभर घाई करणारा मी पटकन बोलून गेलो, "नहीं रे, अभी कच्चा है."

"कच्चा नाही, भावजी," वहिनी म्हणाल्या. "दसऱ्यानंतर न्यायचा, असं मला सांगून ठेवलं होतं त्यांनी. न्या. दादासाहेब वाट बघताहेत."

नेला. गाडी मांडूला जाऊन आली. अंगणात आता फरशीवर गंजाचा लाल चौकोन उरला आहे. वहिनी रोज अंगण धुतात, तेवढी जागा सोडून.