नाखवांनी परत केलेली शाल

नाखवा अपमान विसरत नसत. "राग सुक्या बोंबलासारखा वाळवून ठेवायचा, ताई," ते म्हणत. "पावसाळ्यात कामाला येतो." एका लग्नात मेहुण्यानं त्यांना शेवटच्या पंगतीत बसवलं होतं. मेहुणा जिवंत असेपर्यंत नाखवांनी त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही.

नातवंडांनो, तुम्ही फोनवर मला लाडानं 'सीनियर सिटिझन' म्हणता, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते आहे.

नाखवा, म्हणजे होडीचा मालक, हे त्यांचं टोपणनाव. होडी खरं तर वडिलांची, उरणजवळ मोरा बंदरात. ते स्वतः उरणच्या बंदरातल्या नोकरीतून निवृत्त होऊन पनवेलला आमच्या सोसायटीत राहायला आले. नळाला पाणी जेमतेम यायचं. नाखवा रोज पहाटे खाली उतरून एकेका विंगचा व्हॉल्व्ह फिरवत आणि सगळ्यांना सारखं पाणी पोचवत. कुणी तक्रार केली, "नाखवा, आज आमची धार बारीक होती," की उत्तर तयार असे: "वरच्यानं गाडी धुतलीय, त्याला विचारा!" त्या कामामुळे त्यांच्या दिवसाला आकार होता.

मग एका सभेत आमच्या तरुण चेअरमननं त्यांना शाल-नारळ दिला. "नाखवा आता सीनियर सिटिझन झालेत. त्यांना आराम देऊ या. उद्यापासून वॉचमन पाणी सोडेल." टाळ्यांच्या गजरात व्हॉल्व्हची चावी काढून घेतली गेली.

नाखवा तडक माझ्याकडे आले. "ताई, तुमी इंग्रजी शिकलेल्या. ह्यो शब्द आला कुठून?"

मी शब्दकोश उघडला. 'सीनियर' म्हणजे लॅटिनमध्ये वयानं मोठा, 'सिटिझन' म्हणजे नागरिक. म्हातारा म्हणायचं टाळून मान दिल्यासारखं करायला ही जोडी अमेरिकेत जुळली, आणि सुरुवातीलाच निवडणुकीच्या प्रचारात वापरली गेली.

"म्हंजे मतं मागायला गोड बोलणं!" नाखवा म्हणाले. "मग आता मतच दाखवतो."

सोसायटीतले बहुतेक फ्लॅट आम्हा म्हाताऱ्यांच्याच नावावर होते. चेअरमन ते विसरला होता. सोसायटीची निवडणूक लागताच नाखवा प्रत्येक दार वाजवत फिरले. गुडघे धरत, काठ्या टेकत आम्ही सगळे मतदानाला उतरलो आणि त्याला पाडलं.

नवे चेअरमन नाखवा. पहिल्याच सभेत त्यांनी जुन्या चेअरमनला पुढं बोलावलं आणि तीच शाल, घडीही न मोडलेली, त्याच्या खांद्यावर टाकली. "तुमी लय दमलात. आता आराम करा." तो लालबुंद झाला. तुमच्या आईला हे वागणं कोतं वाटलं होतं. मी मात्र तळहात झोंबेपर्यंत टाळ्या वाजवल्या, आणि आजही वाजवीन.

पुढं नाखवांच्या मुलानं उलव्याला, उंच टॉवरमध्ये घर घेतलं आणि त्यांना घेऊन गेला. थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"घर झकास हाय, ताई. पोरगा, सून, कोन वाकडं बोलत नाय. पानी पन आपोआप चढतं."

मी म्हटलं, "मग बरंच झालं की."

"काय बरं?" ते म्हणाले. "भांडू कोनाशी?"