जवसाची चटणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईनं जाताना हात धरून "काय सलून राहिलं रे तुला?" म्हणून विचारलं, तेव्हा तिलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही समोर नाही. हिंगोलीत समोर येतात ते सगळे वाकून नमस्कार करतात. विलायतेहून आलेला वकील ना मी! त्या वाकलेल्या माना बघितल्या की मला त्यांची कीव येते, आणि लगेच स्वतःची किळस.

कुठून सुरू करू? जर्मनीपासून करतो. निदान ऐकायला तरी झकास वाटेल.

सदतीस सालचा डिसेंबर. मी लंडनला कायदा शिकत होतो, म्हणजे वडिलांच्या कापसावर चैन करत होतो. नाताळच्या सुट्टीत लाइपझिगला गेलो. तिथं माझे दोन जुने मित्र होते, दत्ता आणि करीम. आम्ही तिघं हिंगोलीच्या उर्दू शाळेत एका बाकावर बसलेले. दत्ता जवळच्या साखरा गावच्या कुलकर्ण्यांचा, करीम हिंगोलीतल्या अत्तरवाल्याचा. दोघं छापखान्याचं काम शिकायला गेले होते. परत येऊन हिंगोलीत मराठी आणि उर्दू, दोन्ही छापायचं, असा त्यांचा बेत. मला हसू यायचं. साखऱ्यात वाचणार कोण — बैल?

माझ्या ट्रंकेत एक बरणी होती. दत्ताच्या बायकोनं, गोदावहिनींनी, मी निघालो त्या दिवशी दिलेली. जवसाची चटणी, तोंडाला फडकं बांधलेलं. "भावजी, त्यांच्याच हातात द्या," एवढंच म्हणाल्या होत्या. बोटीवर ट्रंक उघडली की नव्या सुटांना लसणाचा वास. दोनदा वाटलं, द्यावी समुद्रात फेकून. फेकली असती तर — पण नाही, त्यानं काही बदललं नसतं.

लाइपझिगला बर्फ पडत होतं. रस्तोरस्ती झेंडे, आणि झेंड्यांखालून ताठ मानेनं चालणारी माणसं. साखऱ्याचा पाटीलही इतका ताठ चालत नाही. स्टेशनवर दत्ता आला, आणि त्याच्या हातात हात घालून एक बाई. लिझबेट तिचं नाव. पुस्तकबांधणीच्या खात्यात कामाला होती. सरकार त्यांना लग्नाची परवानगी देईना, कारण काळ्या माणसाचा त्यांना विटाळ. पण बिऱ्हाड एकच होतं आणि ती गरोदर होती. मी मनात खूप हसलो. माणूस सोवळ्यातून पळून सात समुद्र ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा सोवळंच!

नाताळच्या दिवशी तिनं मोठं बदक भाजलं. दत्तानं बरणी उघडली, ताटाच्या कडेला चटणी घेतली, मांसाचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला, आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "तिखट झाली," म्हणाला. जवसाची चटणी तिखट असते, पण एवढी नसते. मीही जेवलो. लिझबेटच्या हातचं, दोनदा मागून. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी फिरताना दत्ता म्हणाला, "माझ्यानं लिहवत न्हाई गड्या. दहा बार बसलो, दहा बार कागद फाडला. तू घरी सांग. गोदीला सांग, माझी वाट पाहू नको. माहेरी जा, शिक, तुला वाटंल ते कर. पण कुंकू लावून माझ्या नावानं बसू नको." मी त्याच्या हातावर हात मारून वचन दिलं. मनात म्हटलं, किती भित्रा माणूस! बायकोला चार ओळी लिहवत नाहीत याला. खरं सांगतो, त्या दिवशी मी त्याचा मनापासून तिरस्कार केला. माझ्यासारखा माणूस असता तर स्पष्ट सांगून मोकळा झाला असता, असं मला वाटलं.

माझ्यासारखा!

निघताना करीम गाडीपर्यंत आला. "सच बोलना, भाई," म्हणाला. "बिचारी आस लगाको बैठी है."

उन्हाळ्यात मी परत आलो, तर माझी सोयरीक जमत आलेली. परभणीचं मोठं घर, आणि सासरे इतके कर्मठ की नोकराची सावली पडली तर पाणी ओतून टाकायचे. समुद्र ओलांडलेल्या जावयानं प्रायश्चित्त घ्यावं ही त्यांची पहिली अट. घेतलं. पंचगव्य प्यालो, आणि भटजींसमोर हातात पाणी घेऊन शपथेवर सांगितलं, की विलायतेत मी कुणा परक्याच्या हातचं अन्न खाल्लं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं हे खोटं आहे. सासऱ्यांनाही असावं. पण शपथ घेतली, विषय संपला. आमच्याकडे पाप धुवून निघतं ते असं, बघणाऱ्यांनी डोळे मिटले की.

त्यानंतर चार दिवसांनी मी साखऱ्याला गेलो. दत्ताचे वडील — आम्ही त्यांना काका म्हणायचो — ओसरीवर बसलेले. गोदावहिनी दाराआड. काय सांगणार होतो मी? दत्तानं घर केलंय म्हटलं, की पुढचा प्रश्न: तुम्ही कुठं उतरला होता? जेवलात कुणाच्या हातचं? आणि दोन दिवसांत बातमी परभणीला.

दाराआडून आवाज आला, "भावजी, चटणी खवट तं न्हाई झाली ना?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "खिचडीबरोबर खाल्ली. स्वतः करून खातो तो. तुमची फार आठवण काढतो."

किती सहज आलं तोंडातून! वहिनी आत काहीतरी करायला लागल्या, भांड्यांचा आवाज आला, आणि त्या आवाजात आनंद होता. मला चीड आली. इतकं भोळं असावं का माणसानं? एवढ्याशा शब्दानं पोट भरतं यांचं?

इथवर खोटं लहान होतं. तुम्हीही असं कधीतरी बोलला असाल. पण दत्ताची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची. साखऱ्याला टपाल नव्हतं, आणि पाकिटावर इंग्रजी पत्ता लिहिणारा मीच. काकांनी मोडीत लिहिलेलं पत्र माझ्याकडे यायचं, 'चि. दत्तूस अनेक आशीर्वाद, कधी येतोस', आणि ते गेलं असतं तर दत्ताला कळलं असतं की मी काहीच सांगितलेलं नाही. म्हणून ते मी पाठवलं नाही. त्याऐवजी स्वतः लिहिलं: सगळं सांगितलं, काका भयंकर चिडलेत, तुझं नाव घेऊ देत नाहीत, काही वर्षं पत्र घालू नकोस. दत्तानं ऐकलं. लहानपणापासून तो माझं ऐकायचा.

मग युद्ध सुरू झालं आणि टपालच बंद पडलं. हिटलरचे उपकार मानणारा सबंध निजामशाहीत मी एकटाच असेन. पत्र का येत नाही, याला आता आयतं कारण होतं.

सेहेचाळीस साली करीमचं पत्र आलं. लाइपझिगहूनच. दोघंही जिवंत. दत्ताला मुलगी, आठ वर्षांची. छापखाना बाँबमध्ये गेला, पण माणसं राहिली. 'दत्ता म्हणतो घरच्यांनी टाकलं आपल्याला. तू काकांना एकदा समजाव,' असं करीमनं लिहिलं होतं. पत्र मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. जाळलं नाही. जाळायलाही थोडी हिंमत लागते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर काका बैलगाडीनं हिंगोलीला आले, माझ्या दारात. त्यांना धड चालवत नव्हतं. "वकीलसाब," म्हणाले, "पोरगं हाय का न्हाई, सांगा. तुमीच शेवटचं पायलं त्याला. न्हाई म्हणाले तं माझ्या डोळ्यादेखत त्याचं क्रियाकर्म करून घेतो. असाच गेलो तं त्याला पाणी द्यायचं कोणाच्या ध्यानात राहीन?"

परदेशी गेलेल्याचा पत्ता लागला नाही, की आमच्याकडे पळसाच्या देठांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी देतात, सुतक धरतात, आणि तो माणूस मेला. मग तो कुठं जिवंत असला तरी मेला.

मी म्हणालो, "काका, आता आशा धरू नका."

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. नाही. अजून आहे.

विधीच्या आदल्या दिवशी मी साखऱ्याला होतो. दुपारी गोदावहिनी ओसरीवर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दाराबाहेर, माझ्यासमोर. तिशीला आलेली बाई. कपाळावर कुंकू, ठसठशीत. म्हणाल्या, "भावजी, समदे सांगून राहिले पुसा म्हून. मी कोणाचंच ऐकलं न्हाई. तुमी त्यांचे दोस्त. तुमी तिकडं जाऊन पाहून आले. माझं मन म्हणते हायेत. पण तुमी म्हणान तं पुसते. तुमच्या एकल्याच्या शब्दावर."

दत्तानं जे सांगायला सांगितलं होतं, ते अजूनही सांगता आलं असतं. तो आहे, तिथं त्याचं घर आहे, तुम्ही मोकळ्या व्हा. दोन वाक्यं. काय गेलं असतं माझं? सासरे तर तोवर वारलेसुद्धा होते. घाबरण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. उरली होती फक्त माझी अब्रू, हिंगोलीच्या चार दुकानदारांच्या नमस्काराएवढी.

त्या बघत होत्या. मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणालो, "पुसा, वहिनी."

त्यांनी तिथंच पुसलं. पदरानं, माझ्यासमोर. "तकलीफ दिली तुमाला," म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावानं अग्नी दिला. नारळ तडकला तेव्हा काका मोठ्यानं रडले. मीही रडलो. लोकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मागच्या वर्षी वर्षश्राद्धाला मला मानानं बोलावलं. पंगतीत पहिलं पान माझं. गोदावहिनी समोर आल्या नाहीत, आता त्या समोर येत नाहीत. पण दत्ताला आवडायची म्हणून त्यांनी हट्टानं, श्राद्धाला चालेल अशी बिनलसणाची, जवसाची चटणी केली होती. ती पानात वाढली गेली. करीमचं पत्र ट्रंकेत होतं, अजून आहे. दत्ता लाइपझिगला जिवंत होता.

मी जेवलो. चटणी चांगली झाली होती. मी पुन्हा मागून घेतली.