स्वातीवर चालणारा डबा

चाचांच्या डब्याला प्लग नव्हता. जालन्यात मस्तगडला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं जिकडेतिकडे वायरी लोंबत, आणि कोपऱ्यातला हा लाकडी डबा मात्र मोकळा. वर तीन बटणं, एक तांब्याची वाटी, ट्रकच्या ट्यूबमधून कापलेला रबराचा तुकडा आणि छताच्या पत्र्यातून थेट आभाळाकडे गेलेली एक तार. तो ताऱ्यांच्या शक्तीवर चालतो, असं चाचा सांगत. लाईट गेली की सगळी गल्ली गप्प व्हायची आणि चाचा डब्यावर हात ठेवून म्हणायचे, "अगस्ती कधी लोडशेडिंग करत न्हाई."

आजारी म्हशीचे केस, कीड लागलेलं पान, जे असेल ते वाटीत ठेवायचं. चाचा एका हाताने बटण फिरवत आणि दुसऱ्या हाताचा अंगठा रबरावर घासत. अंगठा चिकटला की तारा लागला. जनावराला व्याध, पोटाला अगस्ती, झाडाला स्वाती. हे सारं भरदुपारी चाले. आता कुठले आले तारे, असं एका शिक्षकांनी हसून विचारलं, तेव्हा चाचा म्हणाले, "शटर पडलं म्हंजे दुकानदार मेला का, गुरुजी?"

माणूस स्वतःचं दुखणं घेऊन आला तर मात्र आधी दवाखाना. तिथं न जाता आलेल्याला ते चहा पाजून परत पाठवत. तारा नुसता पाठीशी उभा राहतो, काम आपलं आपणच करायचं, हे त्यांचं ठाम मत.

एका वर्षी मी केदारखेड्याहून माझ्या मोसंबीचं पान घेऊन गेलो. मोसंबीला बहार धरायचा तर काही आठवडे पाणी बंद ठेवून झाडांना ताण द्यावा लागतो, आणि वेळ येताच पाणी सोडावं लागतं. चाचांनी स्वाती लावली आणि मला बजावलं, "पाटील, पानं मलूल झाली की त्याच दिवशी पाणी सोडा. तारा ताकद देतो, तहान भागवत न्हाई."

पानं मलूल झाली. मी पाणी सोडलं नाही. इतरांच्या झाडांना नुसता ताण, माझ्या झाडांमागे तर स्वाती. अजून थोडं थांबलं तर फुलं दुप्पट येतील, असा माझा हिशेब. बायको रोज म्हणे, अहो, झाडं चाललीत. मी तिला रोज स्वाती समजावून सांगे. शेवटी पाणी सोडलं, तेव्हा झाडांना ते पिता येईना. बाग सरपणाला गेली.

लोकांनी विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो की चाचांनी तारा लावला होता. उरलेलं त्यांनी जोडून घेतलं. बाग वाळवणारा डबा, असं नाव पडलं. मग चाचा स्वतः एसटीने शेतात आले, वाळलेलं पान अंगठ्याने चोळत राहिले आणि विचारलं, "पाणी टायमावर सोडलं होतं ना, पाटील?"

मी हो म्हणालो.

"मंग माझंच बटण हललं असंल," ते म्हणाले. तेव्हापासून त्यांनी डबा खोलला तो खोललाच. चूक सापडेना. आधी म्हशीवाले यायचे थांबले, मग रेडिओवालेही. दुकान बंद करून ते शहागडला मुलीकडे गेले.

चाचा आता नाहीत आणि मस्तगडला अजून तेच बोललं जातं, म्हणून लिहितो. बाग मी वाळवली.

त्यांना हे मी जाऊन सांगितलं होतं, उशिरा का होईना. हायवेलगतच्या घरापुढे ते खाटेवर बसले होते, खाटेखाली उघड्या झाकणाचा डबा. मी सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट पाहत बसलो. दोन-तीन ट्रक गेले. मग चाचा पुढे वाकले.

"म्हंजे स्वाती बराबर लागली होती?"

ताऱ्यांवरचा माझा विश्वास त्या बागेबरोबरच गेलेला. "बिलकुल बराबर," मी म्हणालो.

चाचांनी आत हाक दिली, "बेटी, पाटील के वास्ते चाय बना. और पेचकस ला." चहा येईपर्यंत त्यांनी डब्याचे सगळे स्क्रू घट्ट बसवले.