रकानेबाई

रिकामा रकाना दिसला की रकानेबाईंचं पित्त खवळायचं. मोशीतल्या आमच्या बी.एड. कॉलेजात त्या प्रवेशाच्या टेबलावर बसत. खरं आडनाव वेगळंच, पण ते फक्त पगारपत्रकाला माहीत. एका मुलीनं पतीच्या नावाचा रकाना कोरा ठेवला, तर म्हणाल्या, "लग्न झालं नसेल तर 'लागू नाही' लिही. मोकळा सोडलास तर कुणीही येऊन भरेल."

प्राचार्यांना त्या 'आतले' म्हणत. "आतल्यांना काही विचारू नका. त्यांना स्वतःच्या केबिनची किल्ली सापडत नाही." हेही केबिनचं दार उघडं असताना.

मी तेव्हा चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. सीईटी पास झाले, पण ओव्हरटाइमच्या नादात प्रवेशाच्या फेऱ्या हुकल्या. शेवटी एकच जागा उरली. ती कॉलेज स्वतः भरणार होतं, अर्ज त्या दिवशी पाचपर्यंत. कंपनीच्या कपड्यांतच धावत पोहोचले तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

"कॉलेज सोडल्याचा दाखला?"

"राजगुरुनगरला राहिलाय."

"आणि अक्कल? तीपण तिथंच?" म्हणत त्यांनी कोरा कागद पुढे ढकलला. "आठ दिवसांत दाखला आणून देते, असं हमीपत्र लिही. नियमात बसतं. रडू नकोस, शाई पसरते."

त्यांनी अर्जावर आवक क्रमांक टाकून शिक्का मारला, तेवढ्यात प्राचार्य बाहेर आले.

"बाई, ती जागा अध्यक्षांच्या भाचीसाठी ठेवायची होती ना?"

"भाचीचा अर्जच नाही, सर."

"उद्या येईल. हा काढून टाका."

बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. "आवक नंबर पडलाय. खोडा की. फक्त शेजारी सही तुमची करा."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि आत गेले. बाई माझ्यावर खेकसल्या, "जन्मतारीख अक्षरांत कोण लिहिणार? आतले?"

मला प्रवेश मिळाला. महिन्याभरात बाईंची रवानगी मागच्या अडगळीच्या खोलीत झाली, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावायला. मला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. पिंपरीच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा कुठे भर मे महिन्यात पेढे घेऊन गेले.

"बाई, माझ्यामुळे तुम्हाला..."

"तू कोण गं एवढी मोठी?" पेढा तोंडात टाकत त्या म्हणाल्या. "मीच मागून घेतली ही खोली. तिकडे माणसांची कटकट. इथं कसं गार वाटतं."

मी मान डोलावली. वर पत्रा होता, पंखा नव्हता, आणि बाईंच्या ब्लाउजची पाठ घामानं चिंब झाली होती.