तारेखालचं अंतर

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर मंदाकिनी ताम्हनकर राहतात. एकतीस वर्षं त्या हडपसरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होत्या. पंपाचे शाफ्ट त्यांच्या टेबलावर यायचे, त्या मोजायच्या, आणि केसाएवढा फरक निघाला तरी माल परत जायचा. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी शाल-श्रीफळाबरोबर त्यांना एक नवा फिलर गेज दिला. फिलर गेज म्हणजे पोलादी पात्यांची जुडी. प्रत्येक पातं ठरावीक जाडीचं. फटीत सरकवून पाहायचं आणि फट किती ते सांगायचं.

"आता घरात काय मोजणार तू?" त्यांचे यजमान अनंतराव म्हणाले. ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. "माझ्या बोलण्यातलं अंतर?"

पहिले काही महिने खरंच मोजण्यासारखं काही मिळालं नाही. मग दिवाळीआधीच्या आवराआवरीत कपाटावरून ओवीची गिटार खाली आली. ओवी म्हणजे त्यांची मुलगी, बेंगळुरूला नोकरीला. कॉलेजात असताना तिने दुकानातली सगळ्यात स्वस्त, लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार घेतली होती आणि बोटं फार दुखतात म्हणून सहा महिन्यांत सोडून दिली होती. मंदाताई ती भंगारवाल्याला देणार होत्या. द्यायच्या आधी धूळ पुसावी म्हणून त्यांनी ती उचलली आणि सवयीने एक डोळा मिटून गिटारच्या मानेवरून नजर टाकली, शाफ्ट बघतात तशी. मान पुढे वाकलेली होती.

"अहो, ही वाकली आहे."

"मग देऊन टाक."

"वाकली आहे म्हणजे सरळ करता येईल."

गिटारच्या मानेत आतून एक लोखंडी सळई असते आणि ती ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, पिळली की मान सरळ होते, हे त्यांना मोबाइलवर कळलं. त्यांनी पाव फेरा पिळला. लाकडाला बसायला वेळ द्यावा म्हणून जेवण केलं, दुपारची झोप काढली आणि संध्याकाळी पुन्हा पाव फेरा. मग फिलर गेज काढला. मधोमध तार मानेपासून जेवढी उंच हवी, त्याच्या दुपटीहून जास्त उंच होती. एवढ्या उंचीवरून तार दाबायची म्हणजे बोटाला सुरीच. शिवाय मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांची टोकं कडेने बाहेर आली होती. मंदाताईंनी तळहात फिरवला तर ओरखडा उठला.

ओरखड्याकडे पाहताना त्यांच्या लक्षात आलं. पोरगी सहा महिने कुरकुरत होती आणि आपण तिला "सराव वाढव" म्हणत होतो. दोष मालात होता आणि नापास मुलीला केलं होतं.

त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. रविवार पेठेत सोनारांच्या हत्यारांचं दुकान आहे. तिथून त्यांनी सुईसारख्या बारीक कानशी आणल्या. एकेका पट्टीचं टोक घासून गोल केलं, पॉलिश पेपर फिरवला, दुकानातून नव्या तारा आणून चढवल्या, तारा ज्या घोडीवर टेकतात ती थोडी थोडी खाली घेतली. घोडी खाली आली की तार झणझणायची, मग कुठली पट्टी आड येते ते शोधायचं. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, ती आतला कचरा साफ केल्यावर गेली. चार दिवस डायनिंग टेबलवर चादर अंथरलेली होती. अनंतराव ताट मांडीवर घेऊन जेवले आणि बायकोला इतकं खुशीत पाहून एरवी बोलले असते त्याच्या निम्मंच बोलले.

दिवाळीला ओवी आली. तिने गिटार घेतली, एक सूर धरला, मग दुसरा, आणि बोटांकडे पाहिलं.

"आई, बोटं दुखत नाहीयेत. ही तीच गिटार आहे?"

"तीच. तुझी बोटंही तीच आहेत."

ओवी परत जाताना गिटार घेऊन गेली. टेबल रिकामं झालं आणि मंदाताईंना करमेना. तारा ज्या दुकानातून आणल्या होत्या, तिथे त्या गेल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे कोणी स्वस्तातली गिटार टाकून द्यायच्या गोष्टी करत असेल, तर माझ्याकडे पाठवा." दुकानदाराला आधी ही थट्टा वाटली. पण त्याने एक पाठवली, मग दुसरी. भारीच्या गिटारी मंदाताई घेत नाहीत. "त्या आधीच चांगल्या असतात," त्या म्हणतात. "त्यांत माझं काय काम?"

पुढच्या श्रावणात एका सकाळी त्यांच्या दारात विजयमाला काळभोर उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या, लोणी काळभोरच्या. मार्केट यार्डात शेवंती आणि झेंडू उतरवून तशाच आल्या होत्या. पदराला फुलांचा वास आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेली काळी इलेक्ट्रिक गिटार.

"दुकानवाल्यानं पत्ता दिला," त्या म्हणाल्या. "ही वाजवायच्या लायकीची हाय का न्हाय, तेवढं सांगा."

घराच्या दोन खोल्या त्या कॉलेजच्या मुलांना भाड्याने देतात. शिक्षण संपवून गेलेल्या एकाने ती गिटार "काकू, ठेवा तुम्हाला" म्हणून सोडली होती. विजयमालाताईंनी मोबाइलवर पाहून शिकायला सुरुवात केली, फुलांची काढणी झाल्यावर रोज तासभर. घरचे हसले, तरी त्या थांबल्या नाहीत.

मंदाताईंनी त्यांचा हात पाहिला. काम करून घट्ट झालेली बोटं, त्यांवरही तारेचे वळ.

"लायकीची आहे," त्या म्हणाल्या. "आठ दिवस द्या."

सातव्या दिवशी मंदाताईंच्या हातून चूक झाली. मानेच्या वरच्या टोकाला खाचांची एक छोटी पट्टी असते, तीतून तारा खुंट्यांकडे जातात. तिला नट म्हणतात. मंदाताईंना अजून त्याची गंमत वाटते, कारण त्यांच्या लेखी नट हा बोल्टवर बसतो. तर तिसऱ्या तारेची खाच घासताना कानस एकदा जास्त फिरली. तार खाली बसली आणि झणझणायला लागली. घासलेलं परत येत नाही.

विजयमालाताई आल्या तेव्हा मंदाताईंनी आधी तेच सांगितलं. "माझ्या हातून बिघडलंय. नवीन करून देते, पण दसऱ्यापर्यंत थांबावं लागेल."

"थांबू की. एवढी वर्सं थांबलेच," विजयमालाताई म्हणाल्या आणि टेबलावर ओंजळभर शेवंती ठेवून गेल्या.

प्लास्टिकचा तयार नट दुकानात मिळत होता. मंदाताईंनी तो घेतला नाही. जुन्या खात्यातल्या शुभंकरने आता स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं आहे. त्याच्याकडून त्यांनी पितळेचा तुकडा आणला आणि खिडकीजवळ बसून तो हाताने घडवला. सहा खाचा, प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी. दोनदा कानस मारायची, तार चढवायची, मोजायचं, उतरवायची. पहिले दोन नट त्यांनी स्वतःच नापास केले. तिसरा बसवला आणि सहाही तारा एकदम छेडल्या. स्वयंपाकघरातून अनंतराव हातात गाळणं घेऊन बाहेर आले.

"आता हे चांगलं वाजलं," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

विजयमालाताई गिटार न्यायला आल्या त्या आमंत्रण घेऊनच. दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा बाजार भरून वाहतो. अकरापर्यंत माल संपतो आणि मग फूलवाल्या बायका पाय पसरून बसतात. "तवा वाजवणार हाय. तुम्ही यायचं."

दोघंही गेले. शेडमध्ये जमिनीवर पाकळ्यांचा केशरी चिखल, उलट्या टोपल्या, आणि एका टोपलीवर विजयमालाताई. शेजारी छोटा स्पीकर. त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेली जात्यावरच्या ओव्यांची चाल धरली. इलेक्ट्रिक गिटारवर ती कशी वाटेल याची मला कल्पना नव्हती; मंदाताईंनी सांगितलं की स्वच्छ वाटली, विहिरीत हाक मारल्यासारखी. आधी बायका हसल्या, मग टोपल्या सरकवून जवळ आल्या. यमुनाबाई नावाच्या सगळ्यांत वयस्कर फूलवालीने शब्द उचलले, पुढच्या ओळीला आणखी चौघीजणींनी. हमाल हातगाड्या उभ्या करून ऐकत राहिले. मंदाताईंनी तिसऱ्या तारेवर कान ठेवून बसायचं ठरवलं होतं. दुसऱ्या चालीपर्यंत त्या ते विसरून गेल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

संपल्यावर यमुनाबाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही काय वाजवता?"

"मी नाही वाजवत. मी नीट करते."

"आमच्या हिची तर तुम्हीच केली म्हणं," यमुनाबाई म्हणाल्या, आणि त्यांना आपल्या टोपलीवर बसवून घेतलं. चहा आला, दुसऱ्यांदा आला. अनंतराव हमालांशी भावांवर वाद घालत उभे होते. दोघं घरी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते आणि दाराला तोरण लावायचं राहिलंच होतं.

विजयमालाताई आता गावातल्या दोन मुलींना शिकवतात. मंदाताई एका वेळी दोनच गिटारी घेतात, कारण टेबलाची अर्धी बाजू अनंतरावांनी जेवणासाठी परत मिळवली आहे. परवा मी पीठ मागायला गेले, तर त्या निळ्या रंगाच्या एका गिटारच्या मानेवरून एक डोळा मिटून पाहत होत्या.

"फारच वाईट आहे," त्या आनंदाने म्हणाल्या आणि मला बसायला खुर्ची दिली.