सरांसमोरची खुर्ची

आमच्या कॉलेजात प्रत्येक प्राध्यापकाकडे काही मुलं सोपवलेली असतात. त्यांचा अभ्यास, अडचणी, सगळं त्यानं बघायचं. माझ्या केबिनमध्ये बसणारे सर हे काम फारच मनावर घेत. पहिल्या वर्षाच्या पोरालाही 'आपण' म्हणत. "येण्याची जबाबदारी आपली, इथं असण्याची माझी," एवढंच त्यांचं भाषण. डबासुद्धा ते जागेवरच खात.

त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर मी एकदा पिशवी ठेवली. सर म्हणाले, "उचला. ही खुर्ची मुलांची आहे." पुण्यात याला आपुलकीच म्हणतात, म्हणून मी पिशवी उचलली. पण खुर्ची रिकामी असली तरी टेबलफॅन तिच्याकडेच वळवलेला असे, ते मला खटके.

शिपायानं एकदा सांगितलं, सरांकडचा एक मुलगा त्यांना भेटायला आला होता, नेमके सर रजेवर होते. तो पुन्हा कुणालाच दिसला नाही. तेव्हापासून सरांनी रजा घेतलेली नाही.

परवा भरदुपारी वारज्याची एक नवी मुलगी दाराशी आली. रडून डोळे सुजले होते. "सर, मला कॉलेज सोडायचंय. बोलायचं होतं." मग खुर्चीकडे बघून ती मागे सरली.

"सॉरी, यांचं होऊ दे आधी. मी थांबते बाहेर."

मी वळून बघितलं. खुर्चीत कुणीच नव्हतं. पंखा फिरत होता.

सर जराही दचकले नाहीत. ते उठले आणि स्वतःची खुर्ची त्यांनी तिच्यापुढे सरकवली.

"आपण बसा. त्यांना आता घाई नसते."