मळवायचं काम

“या त्या वस्तीतल्या वाटत नाहीत.”

“त्या वस्तीतल्याच आहेत, सर.”

“मग तशा वाटू देत. मळव यांना,” दिग्दर्शक मला म्हणाले.

येरमाळ्याच्या अलीकडं एका गावात शूटिंग होतं. मालिका लई मोठी. दर रविवारी नव्या लेखकाची कथा, साहित्य घराघरात पोचवायचं म्हणे. त्या रविवारची कथा दलित कुटुंबाची. गर्दीसाठी तिथल्याच बुद्धवाड्यातल्या बाया बोलावलेल्या. टीव्हीत दिसायचं म्हणून सगळ्या न्हाऊन, पांढऱ्या साड्यांना इस्त्री करून आलेल्या.

मी कपडेपटात. नवा कपडा चहाच्या पाण्यात बुडवायचा, दगडानं घासायचा, वर माती चोळायची. गरिबाचा कपडा तयार. नऊ वर्षं हेच केलं. सातवीत शाळा सुटली, लोहाऱ्याकडून मुंबईला आले, तेव्हा कपडेपट सांभाळणाऱ्या ताईंनी या कामाला लावलं, स्वतःच्या घरात खोली दिली. त्या नसत्या तर मी कुठं असते, कुणास ठाऊक. मी पण बुद्धवाड्यातलीच. ताईंना सांगितलं नव्हतं. कुणी आडनाव विचारलं की मी गावाचं नाव सांगायची.

पण तोवर कपडा दोरीवर असायचा. त्या दिवशी कपड्यात बाई होती.

पहिल्या मावशींच्या खांद्यावर मी ओली माती फासली. व्हय, फासली. ताई बघत होत्या.

मावशी हसल्याच आधी. “माय, कालच धुतली की गं. मातीच लावायलीस व्हय?”

मागून एक म्हणाली, “आगं, आपल्याकडं पाणी न्हाय वाटलं असंल त्यास्नी!”

सगळ्या हसल्या. मग मावशींनी पदराकडं बघितलं. हसू गेलं. “इहारात वंदनेला नेसायची हाय ही,” एवढंच बोलल्या.

मी बादली खाली ठेवली.

“मी नाही मळवणार.”

ताई जवळ आल्या. “तुला काय एवढं लागलं?”

“ताई, मी पण यांच्यातलीच. माझी आई खुरपायला जाताना सुद्धा धुतलेलं नेसायची.”

ताई हळूच म्हणाल्या, “नऊ वर्षं माझ्या स्वयंपाकघरात वावरलीस. सांगायचं तरी होतंस.”

बादली दुसऱ्यानं उचलली. शूटिंग झालं. रविवारी तीच माती घराघरात पोचली. छान छान म्हणाले लोक.

मी अजून त्याच खोलीत आहे. ताईंनी जा म्हटलं नाही. फक्त माझा कप वेगळा ठेवलाय. दुसरीकडं कुठं जायचं, कळत नाही. पण त्या कपातनं मी पीत नाही.

मावशींच्या खांद्यावर माती माझ्या हातानं गेली. ते मला पुसता येणार नाही. पुढच्या भागाचे कपडे आलेत. गरीब दाखवायचा तर कपडा विटवून देईन, ठिगळ लावून देईन. घाण देणार नाही. कामावरनं काढलं तर काढू देत.